काशीग्राम ते सिनाई : भूमीच्या मोबदल्यात शांतता

कोसलचा राजा पसेनदी आणि मगधचा राजा अजातशत्रू यांच्यातील युद्ध हे बुद्धकालीन राजकीय इतिहासातील एक ठळक प्रकरण होय. या युद्धाच्या मुळाशी एक गाव होते. पसेनदीचा पिता महाकोसल याने आपली कन्या कोसलादेवी हिचा विवाह बिंबिसाराशी लावून दिला, तेव्हा काशी प्रदेशातील एक लाखाच्या उत्पन्नाचे गाव तिच्या स्नानादी खर्चासाठी आंदण दिले. पुढे अजातशत्रूने पित्याला बंदिवासात टाकून त्याचा अंत घडवून आणला आणि पतीच्या शोकाने कोसलादेवीही मरण पावली. पितृघातक्याच्या हाती बहिणीचे आंदण राहू द्यायचे नाही, असे ठरवून पसेनदीने ते गाव परत घेतले आणि मामा-भाच्यांत युद्ध जुंपले. आरंभी अजातशत्रू विजयी झाला. नंतर पसेनदीने त्याला जिवंत पकडले. या युद्धाच्या निमित्ताने भगवान बुद्धांनी भिक्खूंना जय आणि पराजय हे दोन्ही वैराच्याच चक्रात कसे फिरतात ते समजावले, असे संयुत्त निकायात नमूद आहे.

पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. पसेनदीने बंदी केलेल्या अजातशत्रूला सोडून दिले, आपली कन्या वजिरा त्याला दिली आणि ज्या गावासाठी रक्त सांडले होते तेच गाव जातककथेनुसार पुन्हा आंदण म्हणून त्याच्या स्वाधीन केले. जिंकलेल्या राजाने हरलेल्या राजाला वादग्रस्त भूमी देऊन वैर मिटवल्याचे हे आपल्या परंपरेतील एक प्राचीन उदाहरण आहे. मात्र, ज्यांच्या कष्टातून ते लाखाचे उत्पन्न निघत होते, त्या काशीग्रामच्या कसणाऱ्यांना गाव कोणाकडे जावे असे कोणी विचारल्याचा उल्लेख या कथेत येत नाही. गाव दोनदा दिले गेले आणि एकदा हिरावले गेले. गावकऱ्यांनी प्रत्येक वेळी फक्त धनी बदललेला पाहिला.

या प्राचीन वृत्तांतातून दोन प्रश्न उभे राहतात. भूमी देऊन शांतता खरोखर मिळते काय? आणि मिळत असेल तर ती कोणाला मिळते? विसाव्या शतकात हे दोन्ही प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने पश्चिम आशियात विचारले गेले. ‘भूमीच्या मोबदल्यात शांतता’ हे सूत्र आंतरराष्ट्रीय राजकारणात रूढ झाले तेही तेथील संघर्षातूनच. त्या सूत्राची सर्वात पूर्ण अंमलबजावणी सिनाई द्वीपकल्पात झाली. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्या प्रकरणाचा विचार करावयाचा आहे.

करारावाचून सोडलेली भूमी

सिनाई हे आशिया आणि आफ्रिका यांना जोडणारे सुमारे ६० हजार चौरस किलोमीटरचे वाळवंटी द्वीपकल्प आहे. १९४९ च्या युद्धबंदी रेषेच्या आतील इस्रायलच्या जवळजवळ तिप्पट हे क्षेत्र भरते. पश्चिमेस सुएझ कालवा, पूर्वेस अकाबाचे आखात आणि त्या आखाताच्या तोंडाशी तिरानची सामुद्रधुनी, अशी त्याची रचना आहे. इस्रायलच्या दक्षिणेकडील एलात बंदराचा मार्ग या सामुद्रधुनीतून जातो. त्यामुळे सिनाई इजिप्तच्या दृष्टीने सार्वभौमत्वाचा, तर इस्रायलच्या दृष्टीने सुरक्षेचा प्रश्न होता.

इस्रायलने सिनाई दोन वेळा जिंकले आणि दोन वेळा सोडले, ही गोष्ट पुष्कळदा विस्मरणात जाते. पहिल्या वेळी, १९५६ च्या सुएझ युद्धात, ते जिंकले गेले आणि अमेरिकेच्या दबावामुळे मार्च १९५७ मध्ये सोडावे लागले. त्या वेळी दोन्ही देशांत शांततेचा करार झाला नाही. संयुक्त राष्ट्रांचे आणीबाणी दल मध्ये उभे करण्यात आले, एवढेच. या दलात भारतीय सैनिकांची मोठी तुकडी होती आणि अखेरच्या काळात त्याचे नेतृत्व मेजर जनरल इंदरजित रिखी या भारतीय अधिकाऱ्याकडे होते. हे दल इजिप्तच्या संमतीवर उभे होते. मे १९६७ मध्ये अध्यक्ष गमाल अब्देल नासर यांनी ती संमती काढून घेतली, दल हटवणे भाग पडले आणि पाठोपाठ तिरानची सामुद्रधुनी इस्रायली जहाजांना बंद झाली. ५ जून रोजी युद्धास तोंड फुटले. परतीच्या वाटेवर असलेले काही भारतीय सैनिकही गाझामध्ये या युद्धात बळी पडले.

सहा दिवसांत इस्रायलने इजिप्तकडून सिनाई व गाझा पट्टी, जॉर्डनकडून पूर्व जेरुसलेमसह जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा आणि सीरियाकडून गोलन पठार घेतले. १९५७ ची माघार दहा वर्षे टिकली. भूमी परत गेली होती, परंतु तिच्या मोबदल्यात मान्यता, सीमा आणि परस्परांवरील बंधने यांपैकी काहीच लिहून ठेवले गेले नव्हते. त्या माघारीने युद्ध पुढे ढकलले, संपवले नाही.

ठराव क्रमांक २४२

युद्धानंतर अरब राष्ट्रांची परिषद सुदानची राजधानी खार्टूम येथे भरली. १ सप्टेंबर १९६७ रोजी तिने इस्रायलशी शांतता नाही, त्याला मान्यता नाही, त्याच्याशी वाटाघाटी नाहीत, असा निर्णय घेतला. अशा वातावरणात २२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ एकमताने संमत केला. ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅराडन यांनी तो मांडला होता. युद्धाने भूमी मिळवणे अमान्य आहे, हे तत्त्व त्याच्या प्रस्तावनेत आहे. पुढे दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या आहेत : व्याप्त प्रदेशातून इस्रायलची माघार, आणि त्या भागातील प्रत्येक राष्ट्राचा सुरक्षित व मान्य सीमांच्या आत शांततेने राहण्याचा हक्क. एका हाताने भूमी द्यावी आणि दुसऱ्या हाताने शांतता घ्यावी, हे सूत्र येथून रूढ झाले.

या ठरावाच्या शब्दांवरून आजतागायत वाद आहे. इंग्रजी पाठात ‘प्रदेशांतून’ माघार एवढेच म्हटले आहे. ‘सर्व’ हा शब्द नाही. इस्रायलने त्यातून काही प्रदेश ठेवता येतील असा अर्थ काढला. फ्रेंच पाठ आणि अरबांचे म्हणणे सर्व प्रदेशांकडे झुकते. भारत त्या वेळी सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्य होता आणि माघार सर्व व्याप्त प्रदेशांतून असली पाहिजे, असा अर्थ घेऊनच त्याने ठरावाला पाठिंबा दिला. शब्दांच्या या संदिग्धतेमुळेच ठराव एकमताने संमत होऊ शकला आणि त्याच संदिग्धतेमुळे तो अर्ध्या शतकाहून अधिक काळ अपूर्ण राहिला.

ठरावातील आणखी एक उणीव अधिक गंभीर आहे. ज्या लोकांच्या घरादारांवर हा सारा संघर्ष चालला होता, त्या पॅलेस्टिनी जनतेचे नावही त्यात नाही. ‘निर्वासितांचा प्रश्न’ न्याय्य रीतीने सोडवावा, एवढाच उल्लेख आहे. एका जनसमूहाला राजकीय पक्ष न मानता मदतीस पात्र दुःखितांचा जमाव मानले गेले. याचे परिणाम पुढे दिसतात.

नाकारलेला प्रस्ताव

सप्टेंबर १९७० मध्ये नासर निधन पावले आणि अन्वर सादात इजिप्तचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दूत गुनार यारिंग यांना दिलेल्या उत्तरात त्यांनी, माघार झाल्यास इस्रायलशी शांतता करार करण्याची तयारी लेखी कळवली. खार्टूमच्या निर्णयापासून हे मोठे अंतर होते. पंतप्रधान गोल्डा मेयर यांच्या सरकारने मात्र ५ जून १९६७ पूर्वीच्या रेषेपर्यंत माघार घेणार नाही, असे उत्तर दिले. शांततेवाचून शर्म अल-शेख मिळाले तर ते शर्म अल-शेखवाचून मिळणाऱ्या शांततेपेक्षा बरे, असे तेव्हाचे संरक्षणमंत्री मोशे दायान जाहीरपणे म्हणत असत. भूमी हीच सुरक्षा, ही त्या काळातील इस्रायलची धारणा होती. १९५७ च्या माघारीचा अनुभव पाहता ती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही.

परंतु त्या धारणेची परीक्षा लवकरच झाली. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त आणि सीरिया यांनी एकाच वेळी हल्ला केला. इजिप्तच्या सैन्याने सुएझ कालवा ओलांडला आणि काही तासांतच कालव्याच्या पूर्व काठावरील तटबंदी फोडली. अखेरीस इस्रायलने लष्करी बाजी सावरली, तरी त्याचे अडीच हजारांहून अधिक सैनिक कामी आले. इजिप्त आणि सीरिया यांची मनुष्यहानी त्याहून कितीतरी अधिक होती. साठ हजार चौरस किलोमीटरचे वाळवंट मध्ये असूनही युद्ध टळले नाही. १९७१ मध्ये जी अट नाकारली गेली, जवळजवळ तीच अट सात वर्षांनी स्वीकारली गेली. मधल्या काळात जे मेले त्यांना या स्वीकाराचा काही उपयोग नव्हता.

कॅम्प डेव्हिड

१९७४ आणि १९७५ मध्ये सैन्ये टप्प्याटप्प्याने मागे घेण्याचे दोन करार झाले. जून १९७५ मध्ये आठ वर्षे बंद असलेला सुएझ कालवा पुन्हा खुला झाला. अल्प प्रदेश, अल्प बंधने आणि त्यांचे पालन, असा विश्वासाचा पहिला अनुभव येथे आला. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी सादात स्वतः जेरुसलेमला गेले आणि दुसऱ्या दिवशी इस्रायलच्या संसदेत बोलले. या भेटीच्या निषेधार्थ त्यांचे परराष्ट्रमंत्री इस्माईल फहमी यांनी राजीनामा दिला.

इस्रायलमध्ये तेव्हा मेनाखेम बेगिन पंतप्रधान होते. भूमी न सोडण्याबाबत त्यांचा पक्ष सर्वात कठोर मानला जाई. निवृत्तीनंतर सिनाईतील नेओत सिनाई या वसाहतीत राहण्याचा मनोदय त्यांनी स्वतः जाहीर केला होता. ५ ते १७ सप्टेंबर १९७८ असे तेरा दिवस अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने कॅम्प डेव्हिड येथे वाटाघाटी झाल्या. बोलणी सिनाईतील विमानतळ आणि वसाहती या मुद्द्यांवर अनेकदा अडली. अखेर वसाहतींचा निर्णय संसदेवर सोपवण्यास बेगिन तयार झाले आणि संसदेने ८४ विरुद्ध १९ मतांनी माघारीस मान्यता दिली. १७ सदस्य तटस्थ राहिले. शर्म अल-शेख सोडू नये म्हणणारे दायान या वेळी परराष्ट्रमंत्री म्हणून तेच शर्म अल-शेख परत देणाऱ्या करारासाठी झटत होते. २६ मार्च १९७९ रोजी वॉशिंग्टन येथे करारावर सह्या झाल्या.

या कराराचे यश त्याच्या रचनेत आहे. पहिली गोष्ट म्हणजे भूमी पूर्ण परत द्यायची होती. एखादा तुकडा ठेवून कायमचे शल्य मागे ठेवायचे नव्हते. दुसरी, माघार तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने व्हायची होती आणि प्रत्येक टप्प्याला समोरच्या पक्षाचे एक कर्तव्य जोडलेले होते. मे १९७९ मध्ये अल-अरीश परत गेले. जानेवारी १९८० पर्यंत द्वीपकल्पाचा मोठा भाग सुटला आणि पुढच्याच महिन्यात दोन्ही देशांनी एकमेकांकडे राजदूत पाठवले. तिसरी, परत मिळालेल्या भूमीवर सार्वभौमत्व इजिप्तचे, परंतु सैन्य मर्यादित ठेवायचे. सिनाईचे तीन पट्टे पाडण्यात आले. कालव्यालगतच्या पट्ट्यात २२ हजारांपर्यंत सैन्य, मधल्या पट्ट्यात फक्त सीमारक्षक तुकड्या आणि इस्रायललगतच्या पट्ट्यात केवळ नागरी पोलीस. सीमेच्या इस्रायली बाजूसही एक अरुंद पट्टा मर्यादित करण्यात आला. बंधन एकट्या इजिप्तवर नव्हते, ही बाब इजिप्तच्या स्वाभिमानाच्या दृष्टीने महत्त्वाची होती.

चौथी गोष्ट १९६७ च्या अनुभवातून आली. देखरेखीचे दल एकाच पक्षाच्या सांगण्यावरून हटवता येणार नाही, अशी तरतूद करारातच करण्यात आली. सोव्हिएत रशियाच्या विरोधामुळे संयुक्त राष्ट्रांचे दल मिळू शकले नाही, तेव्हा ऑगस्ट १९८१ च्या संधिपत्रानुसार वेगळे बहुराष्ट्रीय दल उभारले गेले. ते एप्रिल १९८२ पासून सिनाईत आहे.

या शांततेची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. अरब लीगने इजिप्तचे सदस्यत्व स्थगित केले आणि आपले मुख्यालय कैरोहून ट्यूनिस येथे हलवले. इजिप्तला पुन्हा प्रवेश मिळण्यास १९८९ साल उजाडले. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी, १९७३ च्या युद्धाच्या स्मरणार्थ चाललेल्या संचलनात, सादात यांची त्यांच्याच सैन्यातील धर्मांधांनी हत्या केली. तरीही करार मोडला नाही. २५ एप्रिल १९८२ रोजी माघार पूर्ण झाली. १९४८ पासून १९७३ पर्यंतच्या पंचवीस वर्षांत या दोन देशांत लहानमोठी पाच युद्धे झाली. १९७९ नंतर एकही झाले नाही. लेबनॉनवरील आक्रमण, पॅलेस्टिनी उठाव, २०११ मधील इजिप्तची राज्यक्रांती, २०२३ पासूनचे गाझाचे भीषण युद्ध, इतके आघात सोसूनही करार उभा आहे. दोन्ही समाजांत त्यातून स्नेह उत्पन्न झाला नाही. निरीक्षक तिला ‘थंड शांतता’ म्हणतात. पण दोन्ही देशांतील एका पिढीची मुले एकमेकांविरुद्ध रणांगणावर गेली नाहीत, हे मोजमाप थंड म्हणून टाकून देण्याजोगे नाही.

ताब्याचा एक चौरस किलोमीटर

माघार पूर्ण झाली तरी अकाबाच्या आखाताच्या टोकाशी असलेले ताबा इस्रायलने सोडले नव्हते. जेमतेम एक चौरस किलोमीटरची ही किनारपट्टी होती आणि तीवर एक नवे हॉटेल उभे राहिले होते. १९०६ मध्ये तुर्की साम्राज्य आणि ब्रिटिशांच्या अमलाखालील इजिप्त यांच्यात जी सीमा आखली गेली, तिचा शेवटचा, ९१ क्रमांकाचा खांब नेमका कोठे होता, यावर हा वाद होता. साठ हजार चौरस किलोमीटर देऊन झाल्यावर एकासाठी अडून बसणे हास्यास्पद वाटेल. परंतु सीमेच्या वादात अखेरचा मीटर हा मानाचा मीटर असतो.

हा वाद शस्त्राने सुटला नाही. सप्टेंबर १९८६ मध्ये दोन्ही देशांनी तो लवादाकडे सोपवला. जिनिव्हा येथील या लवादात पाच सदस्य होते : दोन्ही पक्षांचा प्रत्येकी एक आणि स्वीडन, फ्रान्स व स्वित्झर्लंड येथील तिघे कायदेपंडित. जुने नकाशे, छायाचित्रे आणि कागदपत्रे तपासून २९ सप्टेंबर १९८८ रोजी लवादाने चार विरुद्ध एक मताने निवाडा दिला आणि ताबा इजिप्तला मिळाले. हॉटेल इजिप्तने मोबदला देऊन घेतले आणि १५ मार्च १९८९ रोजी इस्रायलने ती भूमी सोडली. निवाडा विरुद्ध जाऊनही बलवान पक्षाने तो पाळला.

या ठिकाणी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचकाला रोहिणी नदीचा प्रसंग आठवल्यावाचून राहणार नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातील पाण्याचा तंटा युद्धाने सोडवण्याचा ठराव शाक्य संघापुढे आला, तेव्हा सिद्धार्थाने आपले दोन, कोलियांचे दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी सूचना मांडली. बहुमताने ती फेटाळली गेली. ताब्याचा निवाडा करणारेही पाच जणच होते. कपिलवस्तूच्या संघाने जे नाकारले ते दोन युद्धखोर म्हणवली गेलेली राष्ट्रे एकदा तरी स्वीकारू शकली, याची नोंद घेणे अगत्याचे आहे.

ज्यांना विचारले गेले नाही

येथवरचा वृत्तांत यशाचा आहे. परंतु काशीग्रामच्या कसणाऱ्यांचा प्रश्न सिनाईतही विचारला पाहिजे.

सिनाईच्या ईशान्य कोपऱ्यात, रफाहलगत, बेदुइन कुटुंबे शेती आणि पशुपालन करून राहत होती. जानेवारी १९७२ मध्ये इस्रायली सैन्याने हजारो बेदुइनांना तेथून हुसकावले, घरे पाडली आणि जमीन कुंपणात घेतली. त्या वेळी दक्षिण विभागाचे सेनापती अरिएल शेरॉन होते. बेदुइनांनी न्यायालयात दाद मागितली. सुरक्षेचे कारण ग्राह्य मानून ती फेटाळली गेली. त्याच भूमीवर यामित हे नगर वसवण्यात आले. एप्रिल १९८२ मध्ये यामितच्या रहिवाशांनाही बळाने बाहेर काढावे लागले आणि नगर जमीनदोस्त करण्यात आले. या वेळी शेरॉन संरक्षणमंत्री होते. एकाच भूमीवरून दहा वर्षांच्या अंतराने दोन जनसमूह उठवले गेले. वसाहतकऱ्यांना सरकारने भरपाई दिली, त्यांच्या बाजूने संसदेत भाषणे झाली. बेदुइनांची नावे कोणत्याही वाटाघाटीच्या कागदावर आली नाहीत.

रफाह गावाची कथाही अशीच आहे. १९६७ पासून सिनाई आणि गाझा एकाच सत्तेखाली असल्याने गाव सलग वाढले होते. २५ एप्रिल १९८२ रोजी सीमा पुन्हा उभी राहिली ती गावाच्या मधून. घरे, शेते आणि कुटुंबे दुभंगली. ‘कॅनडा कॅम्प’ या वस्तीतील हजारो पॅलेस्टिनी निर्वासित इजिप्तच्या बाजूस अडकले. त्यांचे आप्त, शाळा आणि रोजगार दुसऱ्या बाजूस राहिले. पुढे कित्येक वर्षे लोक तारेच्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंस उभे राहून ओरडून एकमेकांची खुशाली विचारत. त्यांना परत नेण्याचे काम १९८९ मध्ये सुरू झाले आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळले. दोन राष्ट्रांमधील शांततेची रेषा त्यांच्या अंगणातून गेली होती.

हाच दोष कॅम्प डेव्हिडच्या दुसऱ्या भागाच्या मुळाशी होता. त्या वेळी तेथे दोन मसुदे संमत झाले. एक सिनाईचा, तो यशस्वी ठरला. दुसरा पश्चिम किनारा आणि गाझा येथील पॅलेस्टिनींना पाच वर्षांच्या संक्रमणकाळासाठी स्वायत्तता देण्याचा. तो कागदावरच राहिला. जागा तीच, मध्यस्थ तोच, सह्या करणारे तेच. फरक असा की, पहिल्या मसुद्यात भूमीचा दावेदार स्वतः समोर बसला होता आणि दुसऱ्यात ज्यांच्या भवितव्याचा निर्णय होत होता त्यांचा एकही प्रतिनिधी तेथे नव्हता. पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला अरब राष्ट्रांनी १९७४ मध्येच पॅलेस्टिनींची एकमेव प्रतिनिधी मानले होते. तिला बोलावण्यास इस्रायल तयार नव्हते. इजिप्तचे परराष्ट्रमंत्री मोहम्मद इब्राहिम कामेल यांनी कॅम्प डेव्हिड येथेच राजीनामा दिला. पुढच्या वर्षी, स्वायत्ततेची बोलणी ज्या रीतीने हाताळली जात होती ती पाहून, दायानही मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

पॅलेस्टिनी प्रतिनिधींशी इस्रायलचा पहिला करार होण्यास १३ सप्टेंबर १९९३ ही तारीख उजाडावी लागली. त्या ऑस्लो करारात मान्यता आली, पण भूमी निश्चित झाली नाही. सीमा, जेरुसलेम, वसाहती आणि निर्वासित हे चारही प्रश्न पुढे ढकलले गेले. सिनाईत माघारीचा शेवटचा दिवस आरंभीच ठरला होता. येथे शेवट कोणालाच माहीत नव्हता. पश्चिम किनाऱ्याचे तीन प्रकारचे विभाग पाडण्यात आले आणि सुमारे ६० टक्के भाग पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात राहिला. १९७७ मध्ये पूर्व जेरुसलेम वगळता तेथे पाच हजारांच्या आसपास इस्रायली वसाहतकरी होते. १९९३ पर्यंत ते लाखावर गेले आणि आज पाच लाखांच्या घरात आहेत. जी भूमी द्यायची तीच बोलणी चालू असताना भरून टाकली जात होती. करार करणारे पंतप्रधान यित्झाक राबिन यांची ४ नोव्हेंबर १९९५ रोजी एका इस्रायली धर्मांधाने हत्या केली. सादात आणि राबिन, दोघांचेही मारेकरी स्वकीयच होते.

२००५ मध्ये पंतप्रधान म्हणून शेरॉन यांनी गाझातील २१ वसाहती आणि सुमारे आठ हजार वसाहतकरी हटवले. परंतु ही माघार एकतर्फी होती. समोर करार नव्हता, करार करणारा पक्ष नव्हता आणि गाझाच्या सीमा, आकाश व समुद्र यांवरील नियंत्रण सुटले नव्हते. पुढे हमासची सत्ता, नाकेबंदी, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुमारे १२०० माणसांचा बळी घेणारा हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझावर कोसळलेला विध्वंस, असा क्रम आहे. गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार त्या विध्वंसात साठ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भूमी देऊन शांतता मिळत नाही याचा पुरावा म्हणून गाझाकडे बोट दाखवले जाते. वस्तुतः गाझात भूमी दिली गेली नाही, सोडली गेली. १९५७ च्या सिनाईचीच ती पुनरावृत्ती होती. देणे आणि सोडणे यांत अंतर आहे; देण्यासाठी समोर घेणारा मान्य करावा लागतो.

बाबासाहेबांनी मांडलेला निकष

हा प्रश्न आपल्या देशाला अपरिचित नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाकिस्तानविषयक ग्रंथात भूमीची एकात्मता ही पूजेची वस्तू न मानता हिशेबाची बाब मानली. भौगोलिक सीमा सुरक्षित असण्यापेक्षा सैन्य विश्वासार्ह असणे अधिक मोलाचे, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तेथील लोकांचा कौल घेतला पाहिजे असे ते सांगत होते. केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिल्यावर १० ऑक्टोबर १९५१ रोजी प्रसिद्ध केलेल्या निवेदनात त्यांनी काश्मीरच्या प्रश्नावरही हीच रीत वापरली. देशाच्या ३५० कोटी रुपयांच्या वार्षिक महसुलातील सुमारे १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. हिंदू आणि बौद्ध वस्तीचा भाग भारताकडे व मुस्लिम वस्तीचा भाग पाकिस्तानकडे, अशी फाळणी हाच योग्य मार्ग असल्याचे आपले मत त्यांनी मांडले.

हे मत तेव्हा स्वीकारले गेले नाही, आणि आज त्याविषयी भिन्न मते असू शकतात. १९४७ च्या फाळणीत रेषा आखताना जे रक्त सांडले ते पाहता, रेषा आखणे हाच उपाय असे कोणी सरसकट म्हणू नये. परंतु बाबासाहेबांचा निकष लक्षात घेण्याजोगा आहे. एकत्रित सार्वमताने काश्मीरमधील हिंदू आणि बौद्ध त्यांच्या इच्छेविरुद्ध पाकिस्तानात ओढले जातील, ही त्यांची चिंता होती. नकाशाकडे पाहताना त्यांची दृष्टी प्रथम लडाखच्या आणि जम्मूच्या माणसांवर गेली. भूमी किती, यापूर्वी भूमीवर कोण आणि त्यांची इच्छा काय, हा प्रश्न त्यांनी विचारला.

या निकषावर सिनाईचा इतिहास तपासला असता निष्कर्ष स्पष्ट होतो. भूमीच्या मोबदल्यात शांतता मिळते, हे सिनाईने सिद्ध केले. ती मिळण्यासाठी भूमी पूर्ण, कराराने, निश्चित मुदतीत आणि मान्य केलेल्या पक्षाच्या हाती द्यावी लागते, हेही सिद्ध केले. अखेरच्या एका चौरस किलोमीटरचा वाद न्यायाने सुटू शकतो, हे ताब्याने दाखवले. परंतु ही शांतता ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यापर्यंतच पोहोचली. रफाहच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला ती आली नाही, आणि ज्या जनसमूहाला कॅम्प डेव्हिडमध्ये आसन मिळाले नाही त्याचा प्रश्न अनुत्तरित राहून आजही रक्त मागतो आहे.

पसेनदीने काशीग्राम परत दिले, ही त्याची थोरवी होती. त्या गावातील कसणाऱ्यांना बोलावून विचारण्याची रीत त्या काळी नव्हती. आज ती आहे, आणि तरीही ती पाळली जात नाही, हा आपल्या काळाचा दोष होय.